तंबाखूचं फूल

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

तंबाखू रोज तळहातावर घेणारी माणसं आपल्याकडे लाखांनी आहेत. पुडी फोडायची, चुना लावायचा, अंगठ्यानं मळायचं, चापट मारून धूळ उडवायची आणि बार ओठात ठेवायचा, हे सारं डोळे मिटून करणारी माणसं प्रत्येक पारावर भेटतात. पण त्यांना विचारा, तंबाखूचं बी पाहिलंत का? फूल पाहिलंत का? बहुतेक जण हसतील. तंबाखूला फूल येतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं. आज मी त्या बियाविषयी आणि त्या फुलाविषयी बोलणार आहे. तंबाखू खा, असं सांगायला मी आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. ती मी खात नाही. का खात नाही, तेही ओघात येईलच.

मी राहतो कुरुंद्याला. वसमत तालुका, हिंगोली जिल्हा. आमच्या गावाचं नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. आमचा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याशिवाय ऊस, सोयाबीन, केळी. तंबाखू हे काही आमच्याकडचं पीक नव्हे. तंबाखूचं शिवार बघायचं तर निपाणी-कागलकडे जावं लागतं. तरीही आमच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर, दरवर्षी पंधरा-वीस तंबाखूची झाडं उभी असायची. ती अब्बांची.

अब्बा शिवणकाम करायचे. दीड एकर कोरडवाहू जमीन होती, पण घर चालायचं ते मशीनवर. तंबाखूचं बी त्यांना त्यांच्या मामांकडून मिळालं होतं. त्या वाणाला नाव नव्हतं. आमच्या घरात तिला नुसतं ‘अब्बाकी तमाखू’ म्हणत. बी ठेवलेलं असायचं सुरम्याच्या रिकाम्या शिशीत. ईदला डोळ्यात सुरमा घालून झाला, शिशी संपली, की ती धुऊन वाळवून त्यात बी. वर कापसाचा बोळा. एवढीशी शिशी, पण तिच्यात अख्ख्या शिवाराला पुरेल एवढी तंबाखू मावलेली असे.

हे कवीचं बोलणं वाटेल, म्हणून हिशोब सांगतो. तंबाखूच्या एका ग्रॅम बियात साधारण 10 ते 12 हजार दाणे असतात. रांगोळीची चिमूट उचलावी तसं ते बी उचलायचं. रंग तपकिरी, आकार खसखशीपेक्षाही लहान. त्यामुळे ते ज्वारीसारखं पेरता येत नाही. हातातून सुटलं की एका जागी शेकडो दाणे पडतात आणि सगळी रोपं एकमेकांचा गळा दाबतात. म्हणून अब्बा चाळलेल्या राखेत किंवा बारीक वाळूत बी मिसळायचे. गादीवाफा आधीच भिजवलेला. ‘बिस्मिल्लाह’ म्हणून मुठीतली राख अलगद विखरायची. वरून माती टाकायची नाही. इथेच नवा माणूस फसतो. या बियाला उजेड लागतो. मातीखाली खोल गेलं की ते उगवत नाही. आम्ही घरी दखनी बोलतो. अब्बा म्हणायचे, “इसकू मिट्टी की रजई नको, हवा की चादर बस.” वरून फक्त विरळ गवत पसरायचं, म्हणजे उन्हाचा चटका लागत नाही आणि ओल टिकते. पाणी द्यायचं तेही झारीनं किंवा हातानं शिंपडून. धार सोडली की बी वाहून एका कोपऱ्यात जमा झालंच.

ऊब आणि ओल नीट मिळाली तर आठ-दहा दिवसांत वाफ्यावर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर ती दोन-दोन पानांची रोपं असतात. पुढे विरळणी. सहा-सात आठवड्यांनी रोप वीतभर झालं की त्याची कायमच्या जागी लावणी, दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवून. आमच्याकडे पावसाचा जोर ओसरला की अब्बा वाफा करत, म्हणजे रोपं थंडीच्या तोंडाशी जमिनीत जात. साचलेलं पाणी या झाडाला अजिबात सोसत नाही. एक दिवस मुळाशी पाणी थांबलं की पानं माना टाकतात.

झाड मोठं झालं की अंगावर बारीक चिकट लव येते. दिवसभर पानांत हात घातला तर तळहात काळे-तपकिरी होतात आणि साबणानंही लवकर निघत नाहीत. दवानं भिजलेली पानं उघड्या हातांनी तोडली तर पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. गरगरतं, उलट्या होतात. तंबाखूच्या शेतात मजुरी करणाऱ्यांचा हा ओळखीचा आजार आहे. म्हणजे तंबाखू बाधण्यासाठी ती खावीच लागते असं नाही.

हे निकोटिन झाड तयार करतं ते मुळात, आणि तिथून ते पानात चढतं. झाडाला ते हवं असतं कीटकांपासून संरक्षण म्हणून. माणसाला तरतरी यावी हा त्या झाडाचा हेतू कधीच नव्हता! गंमत अशी की तरीही एक अळी ती पानं आवडीनं खाते. आमच्या भागातल्या ज्या शेतकऱ्यानं जन्मात तंबाखूचं झाड पाहिलेलं नाही, त्यालाही ती अळी ठाऊक आहे. सोयाबीनवर येते, आणि कृषी खात्याच्या पत्रकात तिचं नाव छापून येतं, ‘तंबाखूवरील पाने खाणारी अळी’. पीक आमच्याकडे नाही, पण अळी मात्र आहे. आणखी एक शत्रू म्हणजे बंबाखू. ही स्वतः हिरवी नसलेली, तंबाखूच्या मुळावर जगणारी परोपजीवी वनस्पती. जमिनीतून तिचा दांडा वर आला, की समजायचं खाली झाडाचं अन्न चोरीला गेलेलं आहे.

आता खरी गोष्ट. झाड कमरेच्या वर गेलं की शेंड्याला कळी धरते. त्या वेळी तंबाखू पिकवणारा माणूस काय करतो? शेंडा खुडतो. फूल येऊ देत नाही. शेंडा गेला की झाडाची सगळी ताकद पानांत उतरते, पान जाड होतं, आणि जखम झाल्यामुळे झाड निकोटिनही जास्त तयार करतं. मग बगलेतून फुटवे निघतात, तेही काढत राहायचे. तंबाखूचं शिवार तुम्ही पाहिलंत तर तिथे फुलं फारशी दिसत नाहीत ती यामुळे. ज्याला पान हवं तो शेंडा खुडतो. ज्याला बी हवं त्याला शेंडा ठेवावा लागतो. अब्बा वीस झाडांतली एकोणीस खुडायचे आणि एक ठेवायचे. ते एक झाड माणसापेक्षा उंच जायचं आणि त्याला फिकट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराच्या फुलांचा झुबका यायचा. सगळ्या तंबाखूला गुलाबी फूल येत नाही. उत्तर भारतात हुक्क्यासाठी आणि खाण्यासाठी होते त्या दुसऱ्या जातीचं फूल पिवळट-हिरवं असतं आणि झाड बुटकं. आमचं गुलाबी फुलाचं, म्हणजे निपाणीच्या विडीची तंबाखू ज्या जातीची, त्याच जातीचं.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या धर्मविधींत त्याला स्थान होतं. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते आपल्या किनाऱ्यावर उतरलं आणि ‘तंबाखू’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. दिल्ली-आग्र्याच्या आधी तंबाखू दख्खनेत रुजली, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. अकबराचा दरबारी असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्यानं तंबाखू पाहिली आणि 1604-05 च्या सुमारास ती रत्नजडित हुक्क्यासह बादशहापुढे ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. हकिमानं हरकत घेतली, की ज्या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही ती कशी घ्यावी? पुढे 1617 साली जहांगिरानं तंबाखूवर बंदी घातली. ती किती चालली हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. म्हणजे तंबाखूवरचा वाद आपल्याकडे चारशे वर्षांचा आहे, आणि तंबाखूची सवयही तेवढीच जुनी.

या चारशे वर्षांत तिनं माणसामाणसांत एक विचित्र नातं जोडलं. माझ्या लहानपणी गावात कुणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कुणाच्या नाही, याचे नियम होते. चंचीला ते नियम नव्हते. बांधावर बसलं की मराठा, हटकर, बौद्ध, मुसलमान, ज्याची चंची जवळ त्याच्यापुढे हात पसरायचा. जेवायला मागायला माणूस लाजतो, तंबाखू मागायला लाजत नाही. अब्बांच्या मशीनजवळ दुपारी जी बैठक भरायची तिचं निम्मं कारण त्यांच्या परसातली ही तंबाखू होती. मी मराठी शिकलो शाळेत, पण बोलती मराठी कानावर पडली ती त्या बैठकीत. पुढे बीए झालो, कविता लिहू लागलो. माझ्या भाषेत जे काही गावचं आहे, ते त्या मशीनजवळ बसून मिळालेलं आहे. तंबाखूचं हे देणं मी नाकारू शकत नाही.

आणि तिनं नेलं तेही सांगतो. 1997 च्या पावसाळ्यात अब्बांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसू लागला. मग फोड. मग तोंड उघडेना. नांदेडला तपासणी झाली, तेव्हा रोग गळ्याच्या गाठीपर्यंत पोचलेला होता. त्या वर्षीची झाडं परसात उभी होती. अब्बा खाटेवर, खाट परसाच्या दारात. अम्मी एका सकाळी खुरपं घेऊन गेली आणि एकेक झाड मुळासकट उपटत सुटली. कुणाशी बोलली नाही. शेवटचं झाड राहिलं ते बियाण्याचं, फुलावर आलेलं. तिनं त्याला हात घातला आणि खाटेकडे पाहिलं. अब्बा पाहत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. अम्मी तशीच आत गेली आणि चुलीपुढे बसली. ते एक झाड राहिलं. त्याची बोंडं मी फेब्रुवारीत उतरवली, आणि 1998 च्या मार्चमध्ये अब्बा गेले. आज माझ्याकडे आहे ते बी त्या झाडाच्या वंशातलं.

लोक मला म्हणतात, “भाई, घरची तंबाखू होती, औषध-फवारणी नाही, केमिकल नाही, मग तिनं कसं झालं?” याचं उत्तर साफ आहे. कॅन्सर करणारी द्रव्यं बाहेरून फवारावी लागत नाहीत. पान वाळताना आणि मुरताना, त्यातल्या निकोटिनपासूनच नायट्रोसामाइन नावाची घातक द्रव्यं तयार होतात. घरची असो की पुडीतली, गावरान असो की कंपनीची, गाल तो फरक ओळखत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचं आढळलं होतं. त्यात विडी-सिगारेटवाले थोडे, खाणारे आणि मिश्री लावणारे कितीतरी जास्त. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण सवय कायद्यापेक्षा चिवट असते. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, 1800 11 2356. हा नंबर लिहून घ्या, आणि स्वतःला नको असेल तर ज्याला हवा त्याला द्या.

पण दोष एकट्या झाडावर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण या झाडावर पोटं उभी आहेत. 1981 साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यातले शेतकरी मारले गेले. त्याच निपाणीत वखारींमधून तंबाखूची धूळ छातीत घेत राबणाऱ्या बायांनी संघटना केली, त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपटही निघाला. सोलापूर-सिन्नरकडे बायकांच्या किती पिढ्यांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. तेंदूपत्ता आणि तंबाखू हाच त्यांचा पगार होता. ही माणसं तंबाखू सोडा म्हणून सांगून सुटणारी नाहीत. त्यांना दुसरं काम, दुसरं पीक द्यावं लागेल.

माझी मुलगी शाळेत शिकवते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, हे ती मुलांना सांगते, त्यांच्याकडून शपथ घेते. तीन वर्षांपूर्वी ती सुट्टीत आली, परसात गेली आणि मला म्हणाली, “अब्बा, मी शाळेत पोरांना शपथ देते आणि आपल्या घरामागं हे उभं आहे. दादाअब्बा याच्यानंच गेले ना?”

प्रश्न तिचा खरा होता. मी तिला त्या दिवशी एवढंच म्हणालो, की मी पान ठेवत नाही, बी ठेवतो. ती म्हणाली, “बी ठेवलं की पान येतंच की.” यावर तिच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. पण त्यानंतर आमच्यात काही गोष्टी ठरल्या, आणि त्या आजही पाळल्या जातात. झाडं दोनच, तीही दरवर्षी नाही. बी नीट वाळवून, कोरड्या जागी, गच्च झाकणात ठेवलं तर बरीच वर्षं टिकतं, म्हणून चार वर्षांतून एकदाच पेरायचं. शेंडा कधीच खुडायचा नाही. फुलांवर मलमलची पिशवी बांधायची. तंबाखूचं फूल बहुतेक आपलं आपणच फळतं, पण माशा-पाखरांनी बाहेरचे पराग आणू नयेत म्हणून ती पिशवी. पानं पिवळी पडली की काढून दूर पुरायची. वाळवायची नाहीत, आणि टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यात तर मुळीच टाकायची नाहीत.

या शेवटच्या नियमामागे मोठी गोष्ट आहे. तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे डाग पाडणारा एक रोग असतो, तो टोमॅटो-मिरचीलाही होतो आणि तंबाखू मळलेल्या हातांनीसुद्धा पसरतो. या रोगाचा शोध घेताना 1892 साली रशियाच्या इवानोव्स्कीला आढळलं, की जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही त्याचं कारण निसटून जातं. 1898 साली हॉलंडच्या बायरिंकनं त्याला ‘व्हायरस’ म्हटलं. विषाणू नावाची चीज माणसाला पहिल्यांदा कळली ती तंबाखूच्या पानावर. पुढे 1983 साली ज्या पहिल्या झाडांत बाहेरचा जनुक घातला गेला, त्यांतही तंबाखू होती. मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “हे मी वर्गात सांगेन.” आमच्यात तेवढाच समेट झाला आहे, आणि तो पुरेसा आहे.

गावातले एक मामा आहेत, अब्बांच्या बैठकीतले. पंचाहत्तरी ओलांडली. झाडं लावली असतील त्या वर्षी पौषात ते येतातच. “भाई, तुझ्या बापाच्या हातची तंबाखू म्हंजी काय व्हती! एखादं पान दे की.” मी म्हणतो, “मामा, पान नाही, चहा आहे.” ते दोन शिव्या घालतात आणि चहा घेतात. गेल्या खेपेला संध्याकाळ होती. ते झाडाजवळ उभे राहिले, पिशवी न बांधलेला एक झुबका खाली ओढून त्यांनी नाकाला लावला आणि म्हणाले, “जनम गेला खाण्यात, पण हिला वास हाय, हे आजच कळालं.”

2022 च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं. आमच्या घरात मांडीएवढं पाणी होतं. धान्य भिजलं, पुस्तकं गेली, कवितांच्या दोन वह्यांचा लगदा झाला. सुरम्याची शिशी आढ्याला टांगलेल्या पिशवीत होती, ती राहिली. वह्यांतल्या काही कविता आठवून पुन्हा लिहिता आल्या. बी तसं आठवून लिहिता येत नाही. एकदा गेलं की गेलं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला तो गावरान बियाणं राखल्याबद्दल, आणि 2001 च्या कायद्यानं आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे. वाल, वरई, भोपळ्याचं बी राखणाऱ्याचं कौतुक होतं. तंबाखूचं बी राखणाऱ्याचं होणार नाही, आणि होऊही नये. तुम्ही ती लावा असं मी कुणालाच सांगणार नाही. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी तर नकोच, हे झाड अंगभर विषारी आहे.

पण तुमच्याही घरात अशी एखादी शिशी असेल. तिच्यात वडिलांचं काही असेल, चांगलंही आणि वाईटही, आणि ते एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल. ती फेकायची की ठेवायची, हे ज्यानं-त्यानं ठरवावं. मी ठेवली आहे. येत्या पावसाळ्यानंतर पुन्हा पेरणीची पाळी आहे. या वेळी वाफा माझी मुलगी करणार आहे, तिची अट एकच आहे, की शेंड्याला कुणी हात लावायचा नाही.